लग्नासाठी डिलीट दाबा

विवाह नोंदणी कार्यालयातल्या कॉम्प्युटरने सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जाहीर केलं, की समोर उभं असलेलं जोडपं अजून जन्माला आलेलं नाही.

कारकूनबाईंनी जन्मतारखा पुन्हा टाकून पाहिल्या. तरी वराचं वय उणे पंधरा आणि वधूचं उणे सोळा. मग त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे विवाह अधिकारी. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी नियमाबाहेरचं एकही काम केलं नव्हतं, आणि नियमातली बरीचशी कामंही केली नव्हती. त्यांनी वाकून स्क्रीन वाचला.

"तुमचा जन्म झालेला दिसत नाही," ते म्हणाले.

"मी तुमच्यासमोर उभी आहे," वधू म्हणाली. ती दंतवैद्य होती. घाबरलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची तिला सवय होती.

"ते मला दिसतंय हो. पण नोंद मी करत नाही ना, तो करतो."

तो म्हणजे कॉम्प्युटर. जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडलेला आणि साहेबांच्याही आधीपासून त्या टेबलावर ठाण मांडून बसलेला. लग्नं नोंदवायचा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूस देश सोडून गेला होता, आणि त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालायला तयार नव्हता. नवा कॉम्प्युटर मंजूर झाला होता. त्याचं खोकंसुद्धा येऊन पडलं होतं आणि कारकूनबाई त्यावर जेवणाचा डबा ठेवत. खोक्यातली वस्तू यायची होती.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख दिसत होती, एक जानेवारी १९८०. यंत्राच्या पोटातला घड्याळाचा सेल रविवारच्या सुट्टीत मेला होता आणि स्वारी थेट बालपणात जाऊन बसली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाची नोटीस तीन महिने चालते. हिच्या दवाखान्यातली गर्दी, त्याच्या चष्म्याच्या दुकानाची आवराआवर, त्याच्या आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं करत करत त्यांनी ते तीन महिने घालवले होते. आज शेवटचा दिवस होता आणि कचेरी पाचला बंद व्हायची. परवापासून दंतवैद्याची दूरच्या रुग्णालयात नोकरी सुरू होणार होती. तिथलं घर फक्त नवरा-बायकोला मिळणार होतं, आणि त्या भरवशावर चष्मेवाल्याने दुकान आणि राहती खोली दोन्ही सोडून दिली होती. आज लग्न झालं नाही तर पुन्हा नोटीस, पुन्हा वाट बघणं. तोपर्यंत ती तिकडे आणि तो इकडे, आत्याच्या सोफ्यावर. आत्या साक्षीदार म्हणून आली होती. हे लग्न व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं, कारण सोफा तिचा होता.

"माझं वय बघा हो जरा काय येतंय," आत्या म्हणाली.

"एकोणीस."

आत्याने पर्समधून आरसा काढला आणि केस सारखे केले.

"इथे हजर असलेल्यांत लग्नाला पात्र फक्त ह्याच आहेत," कारकूनबाईंनी कळवलं. "साहेब, तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमची सही चालायची नाही."

साहेब खुर्चीत बसले. चष्मेवाला पुढे सरसावला. "अहो, मग तारीख बदला ना," तो म्हणाला.

"प्रोग्रॅममधून तारखेला हात लावता येत नाही. मागची तारीख टाकून कुणी लग्न लावू नये म्हणून तशी सोय केलीय."

"मग हाताने लिहून द्या."

"हाताने लिहिलेलं लग्न वरचं ऑफिस धरत नाही," साहेब म्हणाले. हे बोलताना त्यांना जरा बरं वाटलं, कारण हा नियम त्यांना पाठ होता.

यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरायची वाट फक्त जुन्या हेडक्लार्कना ठाऊक होती. ते निवृत्त झाले होते. कारकूनबाईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"मला माहीत होतं," हेडक्लार्क म्हणाले. "सहा वर्षं वाट बघतोय या फोनची. सेल गेला ना? नीट ऐका. चालू केला की तो एकदा टुक्क करतो. मग आकडे मोजतो. आकडे संपायच्या आत डिलीट दाबायचं, एकदाच. की शिरलात आत."

"आकडे दिसतात कुठे?" कारकूनबाईंनी विचारलं. "स्क्रीन उजळायलाच अर्धं मिनिट लागतं."

"मी कानाने करायचो."

"आणि हुकलं तर?" दंतवैद्याने विचारलं.

"मग तो पुढे निघून जातो. सगळं सुरू होईस्तोवर थांबा, बंद करा, गार होऊ द्या. वीस मिनिटं धरा. मध्येच बंद करायचा नाही, रुसतो. एकदा साहेबांनी केला होता. दोन आठवडे गावात कुणाचं लग्न झालं नाही."

चष्मेवाल्याने लगेच कीबोर्ड पुढे ओढला आणि थबकला. डिलीटच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात लाल लाख भरली होती. उजवीकडे आकड्यांच्या रांगेत त्याच नावाचं एक धाकटं बटण असतं, त्याचीही तीच गत.

"ते आम्ही काढून तिजोरीत ठेवलंय," साहेब म्हणाले.

झालं होतं असं, की बाईंच्या आधीच्या कारकुनाने एकदा कीबोर्ड फडक्याने पुसला. फडकं डिलीटवर दाबलं गेलं आणि एका जोडप्याचं बावीस वर्षांचं लग्न पुसलं गेलं. साहेबांची झोप उडाली. महिन्याभराने त्या जोडप्यातला नवरा आला, तो हातात मोठा पुष्पगुच्छ घेऊन. दुसऱ्या दिवशी बायको आली, तिचा गुच्छ त्याहून मोठा होता. मग गावात कुजबूज झाली. माणसं एकेकटी येऊन खिडकीपाशी घुटमळू लागली आणि ते बटण नेमकं कुठलं असं हळूच विचारू लागली. तेव्हा साहेबांनी दोन्ही बटणं उपटून लिफाफ्यात घातली, लिफाफा तिजोरीत टाकला आणि खड्डे लाखेने बुजवले.

"बटण काढायचं तर अर्ज लागेल," ते म्हणाले. "बाई, फॉर्म द्या यांना."

"फॉर्म आहे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"फॉर्म आधी छापला, मग बटण काढलं."

फॉर्ममध्ये 'कोणाचा विवाह पुसावयाचा आहे' असा रकाना होता. चष्मेवाल्याने लिहिलं, 'कोणाचाही नाही, आमचा करावयाचा आहे'. असं उत्तर बसवायला जागा नव्हती, म्हणून पुरवणी जोडावी लागली. पुरवणीवर सही करून साहेब जेवायला गेले, कारण दीड वाजला होता.

तेवढ्या वेळात दंतवैद्याने पर्समधून आपली हत्यारं काढली. ती त्यांच्याशिवाय घराबाहेर पडत नसे, स्वतःच्या लग्नालाही. खड्ड्यातली लाख तिने कणाकणाने कोरून काढली, फुंकर मारली आणि आत डोकावून म्हणाली, "मुळाला धक्का नाही." साहेबांनी सुपारी चघळत परत येऊन तिजोरीतला लिफाफा उघडला, तेव्हा तिने बटण हातात घेऊन खड्ड्यात बसवलं आणि सवयीने म्हणाली, "आता हलकेच चावून बघा." साहेब तोंड उघडणार होते, पण त्यांच्या लक्षात आलं.

दोन वाजता पहिला प्रयत्न झाला. चष्मेवाल्याने कान लावून टुक्क ऐकायचं आणि "आता" म्हणायचं, दंतवैद्याने बटण दाबायचं असं ठरलं.

टुक्क.

"आता."

दाबलं. स्क्रीन उजळला. एक जानेवारी १९८०.

"तू उशिरा सांगितलंस," ती म्हणाली.

"मी वेळेवर सांगितलं. तू ऐकून मग विचार केलास."

वीस मिनिटांनी तो आधीच "आता" म्हणाला. टुक्क त्यानंतर झालं. त्यापुढच्या खेपेला तिने त्याच्यावर भरवसा न ठेवता बटण दाबूनच धरलं, तेव्हा यंत्राने असा काही सूर लावला की शेजारच्या खात्यातले लोक आग लागली समजून जिन्यात गेले. त्यांना परत बोलावण्यात आणखी वेळ गेला.

"तुला कुठल्याच गोष्टीला धीर नाही," चष्मेवाला म्हणाला.

"आणि तुला कधी घाई नाही. दोन महिन्यांपूर्वीच येऊया म्हटलं होतं मी. तुझी दुकानाची कपाटं आवरून होईनात, वर ते ऑपरेशन."

"ऑपरेशन माझ्या आत्याचं होतं, माझं नव्हतं."

"मला मध्ये घेऊ नका," एकोणीस वर्षांची आत्या म्हणाली.

चौथ्या खेपेला हेडक्लार्कनी फोनवरून टुक्क ऐकून सल्ला दिला. तो सल्ला अर्धा सेकंद उशिरा पोचला. पाचव्या खेपेला दोघांनी जागा बदलल्या. सहाव्या खेपेला पुन्हा बदलल्या आणि कुणी कुठे बसायचं यावरून तुझं नेहमीचंच आहे, तुझ्या घरात सगळे असेच, इथपर्यंत विषय गेला. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांच्यात अबोला सुरू झाला. चष्मेवाला भिंतीकडे बघत होता. त्याला खरं तर रडू येत होतं. तिलाही येत होतं, पण तिने कीबोर्डवरची धूळ टोकरायला घेतली. उद्या सकाळी तिला निघायचं होतं, आणि आता एक, फार तर दोन खेपा उरल्या होत्या.

पुढची खेप हुकली. पावणेपाचला कारकूनबाईंनी शेवटचं म्हणून यंत्र चालू केलं. अबोला असल्यामुळे कुणी "आता" म्हणालं नाही, कुणी ऐकलं नाही, कुणी कुणाची वाट बघितली नाही. टुक्क झालं तसं तिने बोट टेकवलं.

स्क्रीन उजळला. निळा होता.

"निळा?" फोनमधून हेडक्लार्क म्हणाले. "शिरलात. आता वरच्या बाणाने साल वाढवा."

एकदा दाबलं की एक साल. दंतवैद्य दाबत राहिली. एक्याऐंशी, ब्याऐंशी. साहेब दहाचे अकरा झाले, अकराचे बारा, मग मोठे झाले, मग नोकरीला लागले. आत्याचं तारुण्य डोळ्यांदेखत निघून गेलं आणि तिने आरसा पर्समध्ये ठेवला. चष्मेवाला जन्मला, त्याच्यामागोमाग दंतवैद्य जन्मली. एकोणचाळीस वेळा दाबून झालं आणि चाळिसाव्या खेपेला साल पुन्हा १९८० वर आलं.

"म्हणजे?" चष्मेवाल्याने अबोला सोडून विचारलं.

"अरे हो," हेडक्लार्क म्हणाले. "तो आपणहून चालत पुढे आला ते आला. पण हाताने लावायचं तर सात वर्षांपूर्वीच्या सालापर्यंतच जातो. बनवणाऱ्याला हा इतका जगेल असं वाटलं नव्हतं."

पाचला सात मिनिटं होती. वाद घालण्याइतका वेळ नव्हता, म्हणून कुणी घातला नाही. तिने पुन्हा एकोणचाळीस वेळा बाण दाबला, दिवस आणि महिना आजचा ठेवला आणि बाहेर पडली. कारकूनबाईंनी जन्मतारखा टाकल्या. वर चोवीस, वधू तेवीस, साक्षीदार अठ्ठावन्न. यंत्राने कुरकुर केली नाही.

"पण नोटीस?" साहेबांनी कष्टाने विचारलं.

"मुदतीत आहे, साहेब," कारकूनबाई म्हणाल्या. "आता संपायला सात वर्षं आहेत."

साहेबांनी सही केली. प्रिंटर किरकिरत कागद ओकू लागला तेव्हा ते दोघांकडे बराच वेळ बघत होते.

"यात काही खोटं तर नाही ना होत?" चष्मेवाल्याने भीतभीत विचारलं.

"दाखल्यावरची तारीख यंत्राची असते, त्यावर शंका घ्यायचा मला अधिकार नाही," साहेब म्हणाले. "आणि खरं सांगू? सकाळी आलात तेव्हा नवे वाटत होता. आता मलासुद्धा ही तारीख बरोबर वाटते."

पाच वाजले. कारकूनबाईंनी यंत्र बंद केलं. बाहेरच्या पायऱ्यांवर आत्या पुढे चालू लागली, सोफ्याची काळजी मिटल्यामुळे जरा भराभरा. दंतवैद्य मात्र वरच्याच पायरीवर थांबून दाखला वाचत राहिली. तिने तारीख वाचली, बोटांवर मोजली, परत वाचली. मग तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"सात वर्षं झाली आपल्या लग्नाला," ती म्हणाली, "आणि तू मला एकदासुद्धा कुठे फिरायला नेलं नाहीस."

चष्मेवाला खाली मान घालून उभा राहिला. त्याने मनातल्या मनात सातही वर्षं चाचपून पाहिली. तिचं म्हणणं खरं होतं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "दुकानातून सवडच नाही मिळाली."