आवाज येऊन राहिला का?

अय्याजने फ्रिज बंद केला तेव्हा अमीरबी काही बोलली नाही. त्याने पंखा बंद केला तेव्हाही ती गप्प राहिली. पण त्याने इन्व्हर्टरची वायर उपटली, अंगणात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात प्यायच्या पाण्याची बादली ओतली आणि परत येऊन भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायला स्टुलावर चढला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अब घडी क्या बिगाडी तेरा?"

"टिकटिक आती, अम्मी. माइक में."

"और फ्रिज में का दूध फट्या तो?"

"दूध फट्या तो पनीर होता, अम्मी. आवाज फट्या तो कुछ नै होता."

अमीरबीने फ्रिज उघडला. ती दुधाचं पातेलं घेऊन शेजारणीच्या फ्रिजकडे निघून गेली.

टेंभुळगावात कय्युमभाईंचं गादीचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. दुकानामागच्या खोलीत त्यांच्या अय्याजने स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे एक कॉम्प्युटर, एक माइक, दोन हेडफोन आणि माइकची वायर कॉम्प्युटरला जोडणारी एक लाल डबी. बाप कापूस पिंजतो आणि पोरगं आवाज पिंजतं, असं गाव म्हणायचं. भाजीवाल्यांच्या गाडीवरचे पुकारे, लग्नात म्हणायचे सेहरे असं काही ना काही तो रेकॉर्ड करून द्यायचा. या सगळ्यांत एक बारीक गुणगुण कायम असायची. पुकाऱ्यांत ती खपून जायची, कारण गाडीचा आवाज तिच्याहून मोठा असायचा. पण आजचं काम पुकाऱ्याचं नव्हतं.

आज निर्मलाबाई येणार होती.

निर्मलाबाई गावाला लागून असलेल्या तांड्यावरची. तिची मुलगी शितल नर्स होती. लग्न ठरलं होतं आणि लग्नानंतर ती नाशिकला जाणार होती. रुखवताच्या गाद्या भरायला टाकायला मायलेकी दुकानात आल्या, तेव्हा शितल हळूच मागच्या खोलीत शिरली होती.

"अय्याजभाऊ, याडीचं गाणं मला मोबाईलात पायजे." तांड्यावर आईला याडी म्हणतात. "ती एकटी असली की असं गाती, असं गाती, की बैल चालायचा थांबतो. पण कोणी दिसलं की गप. मी नाशिकला गेल्यावर मला कोण गाऊन दाखवंल?"

निर्मलाबाईच्या गप्प राहण्याला कारण होतं. नवी नवरी असताना होळीला ती सासरी पहिल्यांदा गायली, तेव्हा सासऱ्याच्या एका पाहुण्याने भर अंगणात विचारलं होतं, "सून आणली का कोंबडा?" सगळं अंगण हसलं होतं. त्यानंतर ती गायची ती कापूस वेचताना, तेही चारी बाजूंना बघून. शितलने महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे ती एका अटीवर तयार झाली. दार बंद पाहिजे आणि ऐकायला कोणी नको. शितलसुद्धा नको.

"मावशी, मुंगीलाही ऐकू जाणार न्हाई," अय्याजने शब्द दिला होता.

म्हणून तो सकाळपासून गुणगुणीच्या मागे लागला होता. फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर सगळं बंद केल्यावर गुणगुण गेली, पण खोली घुमायला लागली. बोललेला शब्द भिंतींवर आपटून परत यायचा. मग त्याने दुकानातल्या गाद्या आणून चारी भिंतींना उभ्या केल्या. खिडकीत उश्या कोंबल्या. त्या शितलच्याच रुखवतातल्या होत्या, पण गाणं तिच्यासाठीच होतं, तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. निर्मलाबाई आत आल्यावर त्याने दारालाही एक डबल गादी लावली. खोली आता मोठ्या उशीच्या आतल्यासारखी झाली. दोघांना घाम फुटला. दोघांनी कानांवर हेडफोन चढवले.

"बोला मावशी, हॅलो म्हणा."

"हॅलो."

कॉम्प्युटरवर हिरवी पट्टी टुणकन उडाली. म्हणजे आवाज आत जात होता. पण हेडफोनमध्ये काहीच नाही. अय्याजने वायर हलवली. काढून परत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी नाही.

"पुन्हा हॅलो म्हणा."

"अय्याज, भिंतीतून कोणी तरी हॅलो म्हणून राहिलं," निर्मलाबाई दचकून म्हणाली.

"इको आहे ते, मावशी. गादी सरकली असंल." त्याने उरलेली एक चादरही मागच्या भिंतीवर टाकली.

त्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळं मैदान होतं आणि मैदानात आज रामप्रसादभाऊंची सभा होती. भाऊंना जिल्हा परिषदेत जायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी टेंभुळगावाला एक सेल्फी पॉइंट दिला होता. गावात यायला रस्ता धड नव्हता, पण आल्यावर फोटो काढायची सोय झाली होती. 'आय लव्ह टेंभुळगाव' अशी माणसाएवढी लाल अक्षरं उभी होती. त्यांच्यासमोर मंडप होता, भोंग्यांची तोंडं भिंतीच्या उलट दिशेला होती, आणि अय्याजच्या भिंतीला टेकून धर्मसिंग साउंडवाला आपलं मशीन मांडून बसला होता. मागच्या महिन्यात एका हळदीला अय्याजने आपला कॉम्प्युटर त्याच मशीनला ब्लूटूथने जोडून गाणी वाजवली होती. कॉम्प्युटर ते विसरला नव्हता. धर्मसिंगने मशीन चालू केलं, कॉम्प्युटरने भिंतीपलीकडची जुनी ओळख शोधली आणि आपला सगळा आवाज हेडफोनला सोडून तिकडे पाठवायला सुरुवात केली.

भाऊंचं भाषण रंगात आलं होतं.

"मी तुम्हाला विचारतो," ते हात उंचावून म्हणाले, "आजवर विरोधकांनी या गावाला काय दिलं?"

"काहीच न्हाई," मंडपाच्या दोन्ही बाजूंच्या भोंग्यांतून खणखणीत उत्तर आलं.

टाळ्या पडल्या. भाऊ खूश झाले. आपल्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या माइकवर कोणाला तरी बसवलंय, ही कल्पना त्यांना आवडली.

"आणि मी? मी काय दिलं?"

"तेच तर म्हणून राहिलो ना," भोंगे म्हणाले, "दिसाया सगळं चालू आहे. लाइटी लागून राहिल्या, पट्टी हालून राहिली. येऊन मातर काहीच न्हाई राहिलं."

मंडपात कोणीतरी फिसकन हसलं.

"मंग बदल की," एका बाईचा आवाज आला.

"बदलून बदलून थकलो, मावशी. माल आतूनच खराब हाय."

आता अर्धा मंडप हसत होता. भाऊ माइकला तोंड लावून ओरडले, "कोण आहे ते? हिंमत असेल तर समोर या!"

"थोडं मागं सरा. तोंड लई जवळ आणलं की आवाज फाटतो."

भाऊ एक पाऊल मागे सरले. मग आपण का सरलो हे त्यांना कळेना.

धर्मसिंग बटणांवर तुटून पडला. कोणतातरी माइक कुठेतरी उघडा राहिलाय, असा त्याने अंदाज केला. ब्लूटूथ त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने सूत्रसंचालकाचा माइक बंद केला. मग सत्काराचा बंद केला. शेवटी, भीत भीत, भाऊंचाही केला. आता मैदानात भाऊंचा आवाज जाईना आणि भोंग्यांतला आवाज थांबेना.

"काका कुठं गेले आज?" भोंग्यांतून अय्याजने विचारलं. तो तेव्हा टेबलाखाली उताणा पडून वायरी तपासत होता. अशा वेळी गिऱ्हाइकाला बोलतं ठेवावं लागतं.

"वसमतला गेले, फवारणीचं औषध आणायला. म्या बजावून सांगितलं व्हतं, त्या रामप्रसादाच्या सभेला गेलात तर घरात भाकर न्हाई म्हणून. मागल्या सभेला गेले अन् मसालेभात खाऊन आठ दिवस पोट धरून बसले. येडं माणूस. पुढच्या रांगंत बसाया भेटलं की ह्यांना वाटतं आपणच निवडून आलो."

पुढच्या रांगेत भाऊंच्या रंगाचं उपरणं गळ्यात घालून बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, वसरामच्या हातात त्या वेळी मसालेभाताचा द्रोण होता. आवाज कोणाचा हे मंडपात सर्वांत आधी त्यालाच कळलं. त्याने द्रोण खुर्चीखाली सरकवला. मग उपरणंही सरकवलं.

"मावशी, असं करू," भोंगे म्हणाले, "आवाज येईस्तोवर रेकॉर्डिंग न्हाई करत. तुमी नुस्तं एकदा म्हणून बघा. धरायचं न्हाई, सोडून द्यायचं. कोणी ऐकून न्हाई राहिलं."

"रेकॉर्ड न्हाई ना व्हणार?"

"बिलकुल न्हाई."

निर्मलाबाईने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

गाणं तिच्या बोलीत होतं आणि तिने ते स्वतःच जोडलं होतं. लेक सासरी निघाल्यावर घरातल्या एकेका वस्तूला आई विचारते, तुला कोण हात लावणार? चुलीला विचारते, दावणीच्या गाईला विचारते, दाराच्या कडीला विचारते. कडी म्हणते, मी वाजेन, पण ते वारं असेल. मैदानातल्या सगळ्यांना शब्द कळत नव्हते. त्यांची गरजही पडली नाही. आवाज जाड होता, किंचित खरबरीत, आणि वर चढताना असा उघडा पडायचा की ऐकणाऱ्याला कुठे बघावं ते समजेना. हसणारे थांबले. वाढपी पातेल्यात डाव धरून तसेच उभे राहिले.

भाऊंना मात्र आपला माइक बंद आहे याचा पत्ता नव्हता. ते हातवारे करत, टेबलावर मूठ आपटत विरोधकांचा समाचार घेतच होते.

धर्मसिंगला अखेर मेन स्विच आठवला. तो हात घालणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या पार्वतीबाईंनी त्याचं मनगट पकडलं. पार्वतीबाईंच्या तिन्ही मुली लांब दिल्या होत्या.

"हात लावशील तर बघ," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

अमीरबी शेजारणीच्या अंगणात पातेलं घेऊन उभी होती. आधी तिला पोराचा आवाज आभाळातून ऐकू आला, तेव्हा ती घाबरली. आता गाणं संपल्यावर ती धावत घरी आली आणि स्टुडिओचं दार धडाधडा वाजवू लागली. गादीमुळे आत ते पोचायला वेळ लागला. अय्याजने शेवटी दार उघडलं तर अम्मीच्या मागे गल्ली भरून माणसं.

"पूरा गाँव सुन्या रे तुम्हारा," अमीरबी म्हणाली. "शुरू से."

अय्याजने वळून कॉम्प्युटरच्या पडद्यावर नीट बघितलं. एका कोपऱ्यात, इतक्या बारीक अक्षरांत की कोणी बघू नये, लिहिलेलं होतं की आवाज धर्मसिंग साउंडवर चालू आहे.

निर्मलाबाईने ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. "मुंगीलाही ऐकू जाणार न्हाई म्हणला व्हतास ना रे?"

अय्याजने हेडफोन काढून हातात घेतला. कोणीतरी आता हसेल म्हणून निर्मलाबाई अंग चोरून उभी राहिली. कोणी हसलं नाही. पार्वतीबाई पुढे आल्या, तिचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. निर्मलाबाईने गर्दीत ओळखीचं कोणी दिसतं का ते पाहिलं. तिला वसराम दिसला.

"औषध भेटलं का?"

"दुकान बंद व्हतं," वसराम म्हणाला. त्याच्या मिशीला भाताचं शीत चिकटलेलं होतं.

तेवढ्यात शितल धापा टाकत आली. मैत्रिणीच्या घराच्या गच्चीवरून तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिचा चेहरा रडून सुजला होता. "याडी! अय्याजभाऊ, रेकॉर्ड झालं ना?"

अय्याजने मान खाली घातली. "ट्रायल व्हती ती. बटणच न्हाई दाबलं."

"मंग आता म्हण ना, याडी. एकदाच."

"आता? एवढ्या माणसांत?" निर्मलाबाईने तोंड घट्ट मिटून घेतलं. शितल तिला ओळखून होती. ते तोंड आता लग्नापर्यंत उघडणार नव्हतं. शितल गादीवर मटकन बसली.

"भाऊच्या सभेचं लाइव्ह चालू व्हतं की," दारातून धर्मसिंग म्हणाला. आपल्या मशीनवर खापर फुटायच्या आत काहीतरी उपयोगी बोलावं, एवढाच त्याचा हेतू होता. "शूटिंगवाल्याने माझ्या मशीनमधूनच वायर नेली व्हती."

शितलने मोबाईल काढला. भाऊंच्या पानावर तो व्हिडिओ होता, आणि जिल्हाभर पसरायला लागला होता. आवाज स्वच्छ होता. गुणगुण नाही, घुमणं नाही, टिकटिक नाही. अय्याजने आजवर इतकं साफ काही रेकॉर्ड केलं नव्हतं. फक्त पडद्यावर निर्मलाबाई नव्हती. पडद्यावर रामप्रसादभाऊ होते. लाल अक्षरांपुढे उभे राहून ते तोंड उघडत होते, मूठ आपटत होते, छातीवर हात ठेवत होते आणि त्यांच्या तोंडून लेकीच्या पाठवणीचं गाणं बाहेर पडत होतं. वर चढणाऱ्या ओळीला तर त्यांनी नेमका विरोधकांवर हात उगारला होता आणि डोळे मिटले होते. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'भाऊ, रडवलंत'. हिंगोलीच्या एकाने आपल्या बहिणीच्या लग्नाची तारीख कळवून भाऊ मोकळे आहेत का, असं विचारलं होतं.

शितल रडता रडता हसायला लागली. निर्मलाबाईने ओढणी थोडी वर केली आणि पडद्यावर वाकून पाहिलं. स्वतःचा आवाज ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. गाणं संपेपर्यंत ती हलली नाही.

अय्याजला आता काहीतरी भरपाई करायची होती. "मावशी, भाऊचं तोंड काढून टाकतो मी. नुस्ता आवाज ठेवतो. लगेच व्हईल."

"राहू दे," निर्मलाबाई म्हणाली. "इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून पहिल्यांदाच काही बरं निघून राहिलं. लाव परत."