अक्षया गेली!

तीस वर्षं मी एस.टी.त कंट्रोलर होतो. मालवणची गाडी चुकून कधी देवगडला गेली नाही! तेव्हा लॅपटॉपमधलं सगळं एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर पाठवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. कुठून आणि कुठे, एवढंच तर बघायचं!

लॅपटॉप लेकीचा, अक्षयाचा. दोन वर्षांपूर्वी ती कॅनडाला नोकरीला गेली आणि तो इथे तोंडवलीत राहिला. आमच्या हिने, प्रेमलताने, लेकीच्या कपाटाला हात लावू दिला नाही तसा लॅपटॉपलाही नाही. रोज जेवण आटपलं की पदराला हात पुसून तो उघडायची. पडद्यावर अक्षयाचा फोटो, गुडघाभर पाण्यात उभी राहून हसतेय. तो बघायचा आणि बंद करायचा. दुसरं काही तिला येत नव्हतं, नकोही होतं. फक्त तो फोटो यायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात पेजेला दोन उकळ्या येतील.

म्हणून मी नवी, झटपट चालणारी एसएसडी डिस्क मागवली. रविवारी दुपारी लॅपटॉपचं झाकण काढलं, नवी डिस्क केबलने जोडली आणि प्रोग्राम चालू केला.

"तुमका जमतला मां?" हिने विचारलं.

"बघत रव!"

पडद्यावर दोन डिस्का आल्या. दोन्ही सारख्याच मापाच्या, जुळ्या बहिणी जशा! एकीला सोर्स केलं, दुसरीला डेस्टिनेशन. 'डेस्टिनेशनवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?' असं प्रोग्रामने विचारलं. न चालायला काय झालं? रिकामीच तर होती! दाबलं.

पाच मिनिटांत काम फत्ते! मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. काळा पडदा. त्यावर पांढरी इंग्रजी ओळ, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही म्हणून. तेव्हा उजेड पडला. कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मी भरलेल्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवला होता!

हिने पडदा पाहिला. फोटो नाही. आणि तिने हंबरडाच फोडला, "अक्षया गेली गोऽऽ! ह्यांनी घालवल्यानी!"

शेजारच्या अंगणात मथुरा सुकट वाळवत होती. तिने ऐकलं ते एवढंच. हातातली टोपली टाकून ती जी धावली, ती आमच्याकडे नाही, वाडीत!

मी शरमेने मान खाली घालून स्क्रू शोधत होतो. एवढ्यात दाजी आला. वाडीतला सगळ्यात जुना होडीवाला. टोपी काढून त्याने माझा हात धरला.

"धीर धर, रविकांत."

"दाजी, माझ्याच हातान झाला रे ह्या."

दाजीने हात सोडला आणि दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात फोन. दोडामार्गहून मेव्हणा, महादू. "भावोजी, ह्या कसा झाला हो?"

वा, बातमी तिथवर पोचली! "घाईत चुकलंय, महादू."

"तिका त्रास झालो काय?"

"छे! पाच मिनटात सगळा साफ!"

महादू हुंदकला. "बॉडी खंय आसा?"

"हंयच, टेबलार. उघडी पडलीहा. स्क्रू लावूचे रवलेत."

मग "मी निघालंय" एवढंच.

फोन ठेवून वळतो तर पडवीत पंचवीस माणसं, चपला बाहेर, तोंडं पडलेली! कोणी हिला धरलंय, ती रडतेय. मथुरा सांगत होती, "लहान असताना माझ्याकडेच बांगड्याचा तिखला जेवक येय गो!" ते ऐकून ही आणखी रडायला लागली. आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षांत अक्षयाबद्दल एवढं कोणी बोललंच नव्हतं आमच्याशी.

सहा वाजले. हिच्या मोबाईलवर नेहमीचा रविवारचा व्हिडीओ कॉल आला.

"आई?"

पडवीत कोणीतरी किंचाळलं. दाजी खुर्चीतून घसरला.

"आई, रडतेस कित्याक? आणि एवढी माणसां कशी? कसलो कार्यक्रम आसा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ही माणसं कशाला जमलीत ते मला आत्ता कळलं. सांगावं तर लागणारच होतं.

"तुझोच गो," मी म्हटलं.

मग काय, हसण्याचा नुसता गोंधळ! महादूला वाटेतूनच परत फिरवला. अक्षया म्हणाली, सगळे फोटो माझ्याकडे आहेत, आत्ता पाठवते. ही म्हणाली, "फोटो नको माका. तू कधी येतलंस ता सांग."

फोन हातोहात फिरत होता. जो तो तिला तेच विचारत होता. रजा मिळत नाही, हे तिचं नेहमीचं उत्तर त्या दिवशी काही तिच्या तोंडून निघालं नाही.

मंगळवारी तिचा फोन आला. "बाबा, शुक्रवारी येतंय! आठ दिवस."

"रजा कशी मिळाली गो?"

"घरात मयत झाला म्हणून सांगितलंय."

मी चरकलो. "आणि कोण गेला म्हणून सांगितलंस?"

"नाव इचारल्यानीच नाय. इचारला असता तर तुमचा सांगणार होतंय!"