त्रेसष्ट नेते आणि बॉयलरवाले मामा

एखादी संस्था किती पुढे गेली हे तिथली किती माणसं कामाला लागली यावरून मोजू नये, किती माणसं प्रशिक्षणाला बसली यावरून मोजावं, याबद्दल आता जाणकारांत दुमत राहिलेलं नाही. (आमच्याकडे एक वेगळं मत होतं. ते गेल्या वर्षी निवृत्त झालं.) या मापाने आमची संस्था बरीच पुढे गेलेली आहे, आणि ती तिथून परत कशी आणायची हे सध्या कुणालाच माहीत नाही.

आमचा वाफेवर कपडे धुण्याचा कारखाना आहे. चार रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि शस्त्रक्रियेची हिरवी कापडं सकाळी मळून येतात आणि संध्याकाळी स्वच्छ होऊन जातात. खालच्या मजल्यावर बॉयलर, मधल्या मजल्यावर धुण्याची आणि इस्त्रीची यंत्रं, आणि वर घडीची टेबलं व कार्यालय. कर्मचारी चौसष्ट. मी त्यांतला शिक्षण व विकास अधिकारी. पूर्वी मी चादरी मोजत असे.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी ठरवलं की इथे प्रत्येक जण नेता झाला पाहिजे. प्रशिक्षक आले. त्यांनी आम्हाला गोल उभं करून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. (इस्त्रीवाले त्यात असे अडकले की शेवटी कात्री आणावी लागली, अहवालात याची नोंद ‘घट्ट बंध’ अशी आहे.) डोळे बांधून मागे पडायला लावलं. आणि शेवटी एक जाड पुस्तिका दिली, जिच्यात नेतृत्वाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: ऐकणे, समजून घेणे, मान हलवणे, पुढे जाणे. मदत करणे ही पायरी मुद्दाम गाळलेली आहे. मदत केली की समोरचा माणूस परावलंबी होतो. (पान ३१.)

तीन वर्षांत आमच्या लोकांनी एकूण अकरा हजार तीनशे चाळीस तास शिक्षण घेतलं. त्यांपैकी बॉयलर कसा चालवायचा यावर शून्य तास खर्च झाले, ही काटकसरही लक्षात घेण्यासारखी आहे.

आता बॉयलरवाले मामा. सव्वीस वर्षं खाली एकटेच असतात. सगळ्यांचे मामा, मोठ्या साहेबांचेही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी त्यांनाही बोलावणं गेलं होतं. ते जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, “मी वर आलो तर खाली पाण्याकडे कोण बघणार?” याचं उत्तर पुस्तिकेत नसल्यामुळे त्यांना परत पाठवण्यात आलं. अशा रीतीने महिन्याअखेरीस नोंदवहीत पुढील आकडे आले: नेते त्रेसष्ट, नेतृत्वाखालील कर्मचारी एक.

ही चूक आहे असं कुणाला वाटू शकेल. पण नेतृत्वाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर प्रत्येक नेत्याने आठवड्यातून दहा मिनिटं कुणाचं तरी नेतृत्व करणं बंधनकारक आहे, आणि आमच्याकडे त्यासाठी माणूस होता. मी स्वतः वेळापत्रक आखलं. त्रेसष्ट नेते, दहा-दहा मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेदहा तास मामांचं नेतृत्व होऊ लागलं. नेते खाली जात, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसत आणि विचारत, “मामा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” मामा म्हणत, “घरी.” त्यांची नजर मात्र दाबाच्या काट्यावरून हलत नसे. तेवढ्याबद्दल काही नेत्यांनी त्यांना कमी गुण दिले.

गेल्या महिन्याच्या दोन तारखेला मामा दोन जिने चढून माझ्या खोलीत आले. हातात रजेचा अर्ज होता.

“साहेब, पोरीचे दिवस भरत आलेत,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी अठरा तारीख दिलीय. तिला आई नाही. जावई बोटीवर, दोन महिने यायचा नाही. आठ दिवस सोडा मला.”

मी पुस्तिकेप्रमाणे पुढे झुकलो. “म्हणजे मामा, तुम्हाला असं वाटतंय की मुलीचे दिवस भरत आलेत.”

“वाटत नाही साहेब. आलेत.”

“आणि त्यामुळे तुम्हाला थोडी काळजी वाटतेय.”

“थोडी नाही.”

“छान. ही काळजी शरीरात नेमकी कुठे जाणवते?”

मामांनी जरा विचार केला. “गुडघ्यात,” म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

अर्जावर ‘नेत्याची सही’ अशी एक रिकामी जागा असते. मामांचे नेते त्रेसष्ट. एकट्याने सही केली असती तर उरलेल्या बासष्ट जणांचा अपमान झाला असता, म्हणून मी अर्जाला चार कोरे कागद जोडले आणि मामांना सगळ्यांकडे जायला सांगितलं. मला वाटतं, हे मी दिलेलं सर्वात स्पष्ट मार्गदर्शन होतं.

मामा फिरले. चादरींच्या गाडीच्या चालकाने त्यांना विचारलं की रजा ही समस्या आहे की संधी. धुलाईवाल्यांनी फळ्यावर एक वर्तुळ काढून मामांना त्यात स्वतःची जागा दाखवायला सांगितली. हिशेबनीसांनी ऐकलं, समजून घेतलं, मान हलवली, आणि चहाला गेले. मोठ्या साहेबांचे तर डोळे पाणावले. ते म्हणाले, “मामा, या निर्णयाचे मालक तुम्ही आहात.” मामांनी विचारलं, “मग जाऊ का?” साहेब म्हणाले, “बघा, उत्तर तुमच्याच आत आहे.” सही मात्र केली नाही, कारण तयार उत्तर दिलं तर माणसाची वाढ खुंटते.

दहा दिवसांत एकच सही झाली. घड्यांच्या टेबलावरच्या ताईंची, नेता क्रमांक एक्केचाळीस. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, भावनांची चौकशी केली नाही, नुसती सही ठोकली. प्रक्रिया अपूर्ण असल्याने ती बाद धरण्यात आली.

मामांनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. “कुणालाही चार आठवडे माझ्याबरोबर उभं केलं असतं, तर आज ही वेळ आली नसती. अजूनही द्या कुणाला. शिकवतो.” हे शक्य नव्हतं. आमचं शिक्षणाचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच भरलेलं होतं: ‘बदलाशी मैत्री’, ‘कठीण संभाषणं सोपी करताना’, ‘स्वतःला ओळखा (भाग दोन)’. (भाग एक कुणी केला होता ते सापडत नाही.) शिवाय मामांकडे शिकवण्याचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यांना फक्त बॉयलर येत होता.

पंधरा तारखेला मामांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आपण यावर थोडं मनन करू.

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता मामा दारात उभे राहिले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. “पोरीचा फोन आला. कळा सुरू झाल्यात. मी निघालो साहेब. बॉयलर ताई बघतील.”

“म्हणजे मामा, तुम्हाला असं वाटतंय की—”

माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत ते दुसऱ्या जिन्यावर पोचले होते. मी त्यांचं म्हणणं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, आणि रिकाम्या दाराकडे बघून मानही हलवली होती. मग मी पुढे गेलो. म्हणजे समोरचं काम हाती घेतलं. कुणाला काही सांगितलं नाही.

त्यामुळे मामा नाहीत हे संस्थेला चौथ्या दिवशी कळलं. (आधीच्या तीन दिवसांतल्या नेत्यांनी आपली दहा मिनिटं वर बसूनच वहीत भरली होती.) नेता क्रमांक बावीस आपल्या दहा मिनिटांसाठी खाली उतरले तर बादलीजवळ ताई. चारही दिवस वाफ होती, चादरी वाळल्या होत्या, रुग्णालयांची गाडी वेळेवर गेली होती, आणि याचाच मोठ्या साहेबांना सर्वात जास्त धक्का बसला.

चौकशी समिती नेमली. (सदस्य एकोणीस, सगळ्यांनाच नेतृत्व करायचं होतं, म्हणून अध्यक्ष तेवढेच.) ताईंना विचारलं, हे कधी शिकलात?

“दोन वर्षं झाली. वर घड्यांच्या टेबलाजवळ जेवायला जागा नाही, म्हणून डबा खाली नेते. मामा काम करता करता सांगतात. मी बघते.”

“परीक्षा झाली?”

“रोज घेतात. पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय, म्हणून विचारतात. मी सांगते, आधी जाळ बंद. घाईघाईने गार पाणी आत सोडायचं नाही.”

“अभिप्रायाचा अर्ज भरलात?”

“नाही.”

समितीने तीन आरोप निश्चित केले: नोंदणीशिवाय शिक्षण घेणे, ते जेवणाच्या सुट्टीत घेणे, आणि ते उपयोगी पडू देणे. ताईंना ताकीद मिळाली. पुढच्या महिन्यात त्यांनी ‘स्वतःला ओळखा’चा भाग दोन करायचा आहे. तोपर्यंत बॉयलरही त्यांनीच बघायचा आहे, कारण दुसरं कुणी नाही.

मामांचा प्रश्न जास्त अवघड निघाला. मी त्यांच्यावर कारवाईचा मसुदा करायला बसलो आणि पुस्तिका उघडली. वेळेवर निर्णय घेणे: मामांनी घेतला. त्याची जबाबदारी स्वतः पेलणे: पेलली. आपल्यामागे काम चालवणारा माणूस तयार करणे: हे शेवटचं प्रकरण आहे, आणि त्यात त्रेसष्ट नेत्यांचे तीन वर्षांतले एकूण गुण शून्य आहेत. मामांना पैकीच्या पैकी द्यावे लागत होते. मी बेरीज तीनदा केली. नियमाप्रमाणे त्यांना प्रमाणपत्र देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मामा चोवीस तारखेला परतले. नात झाली, सतरा तारखेला. (तिनेही कुणाच्या सहीची वाट पाहिली नव्हती.) डोळे लाल होते, पण चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका उजळ होता. म्हणाले, “पोरगी माझा हात सोडत नव्हती साहेब. बरं झालं पोचलो.” मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली, कारण ते पोचावेत म्हणून मी काहीच केलं नव्हतं. या लाजेसाठी पुस्तिकेत रकाना नाही, मी शोधला.

प्रमाणपत्र मामांनी दोन्ही बाजूंनी बघितलं. “आता रजेला कुणाची सही लागेल?”

“नेत्याला सही लागत नाही, मामा.”

“मग नेते रजेवर असले तर कळतं कसं?”

हा प्रश्न पुढच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवला आहे. मामा प्रमाणपत्र घेऊन खाली गेले. ते त्यांनी पाण्याच्या काचेमागे लावलंय. पांढऱ्या कागदावर पाण्याची पातळी छान दिसते म्हणतात.

अडचण आता आमची आहे. नेते चौसष्ट आणि नेतृत्वाखाली कुणीच नाही. पद रिकामं आहे. दहा-दहा मिनिटांसाठी माणसं जिन्यावर ताटकळत उभी असतात. जाहिरात देण्याआधी मी कुणी ओळखीचं आहे का बघत होतो, तेव्हा या पानांच्या वाचकाकडे, म्हणजे तुमच्याकडे माझं लक्ष गेलं. शांतपणे बसता, मध्ये बोलत नाही. आशा वाटली.

पण कागदपत्रं तपासली आणि निराशा झाली. मुलीला आई नाही, जावई बोटीवर, तारीख अठरा, हे सगळं तुम्ही ऐकलंत. समजूनही घेतलंत. मामांबद्दल तुम्हाला वाईट वाटलं, एक-दोनदा तुम्ही मान हलवलीत, तुमच्या कार्यालयातल्या कुणाची तरी आठवण काढून हसलातही. आणि मग पुढे गेलात. तिथे तुमच्याही खालच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी अर्ज तुमच्या टेबलावर पडून आहे, हे तुम्हाला मधे केव्हातरी आठवलं होतं. तरी वाचन थांबवलं नाहीत. चारही पायऱ्या पूर्ण आहेत. अभिनंदन. प्रमाणपत्र तयार आहे, क्रमांक पासष्ट. पद अजून रिकामंच आहे.