झाकणावर बसलेली भिंगरी

"माझ्या लेकीच्या कानावर ती बातमी मी पडूच देणार नाही!" भिंगरीच्या आईनं छाती ठोकून जाहीर केलं.

बातमी साऱ्या जगाला ठाऊक होती. एका बलाढ्य देशानं ओसाड माळावर अण्वस्त्रं ठेवायला नवे खड्डे खणले होते. आभाळातून काढलेली छायाचित्रं दिवसभर टीव्हीवर फिरत होती. गोल गोल खड्डे, आणि प्रत्येकावर झाकण! पाच वर्षांच्या पोरीला हे कशाला? आईनं रिमोट पिठाच्या डब्यात पुरला, पेपर बंद केला आणि सासऱ्यांना दम भरला, "बाबा, तुम्हीही अवाक्षर काढायचं नाही!"

"मी कशाला काढतोय? मला धड ऐकूही येत नाही!" सासरे म्हणाले आणि नातीचं बोट धरून केस कापायला निघून गेले.

न्हाव्याच्या दुकानात टीव्ही असतो, हे मात्र एवढ्या कडेकोट बंदोबस्तात राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. मग बेसिन. मग न्हाणीघराची मोरी. सासऱ्यांची टोपी हरवली ती वेगळीच. शेवटी संडासानंही मान टाकली, तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं आणि घरभर आलं!

प्लंबरनं सिंकखालचा पाईप सोडवून एक मोजा ओढून काढला. मग दुसरा. मग मातीचा गोळा आणि अर्धा बटाटा.

"वहिनी, घरात उंदीर आहे."

"उंदीर मोजे कोंबतो?"

"दोन पायांचा असेल तर कोंबतो!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या. "अहो, आमच्या छतातून पाणी गळतंय! बरोब्बर ह्यांच्या टकलावर! हे म्हणतात, भिजलो तर भिजलो, पण हे पाणी कुठलं ते आधी विचारून ये!"

प्लंबरनं मान हलवली. "तुंबलेलं पार खाली गेलंय. फाटकाजवळचं गटाराचं मोठं झाकण उघडावं लागेल."

सगळी वरात खाली उतरली. आणि त्या लोखंडी झाकणाच्या मधोमध, शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर, पाण्याची बाटली पोटाशी धरून भिंगरी मांडी घालून बसली होती!

"ऊठ बघू, शाळेला उशीर होतोय."

"नाही. मी उठले की ते बाहेर येईल."

"काय येईल?"

"क्षेपणास्त्र! आजोबांनी सांगितलंय. झाकण उघडलं की बाहेर येतं, आणि मग काहीच उरत नाही."

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. त्यांना आज नेमकं सगळं ऐकू आलं होतं. "अगं, तिनं सरळ विचारलं," ते पुटपुटले. "नातीशी खोटं कसं बोलायचं?"

"म्हणून तू घरातली सगळी भोकं बुजवलीस?" आईनं विचारलं.

"मोजे संपले," भिंगरी म्हणाली. "म्हणून इथं मी बसले."

बघ्यांची गर्दी जमली. वाणी म्हणाला, "आपणही खड्डे खणायला पाहिजेत! त्यांच्या दुप्पट!"

"आधी माझं छत बघा!" काकू ओरडल्या.

"काही होत नाही हो," रिक्षावाला म्हणाला. "नुसता धाक असतो. वापरत कुणी नाही."

"मग एवढे खणतात कशाला?" भिंगरीनं विचारलं.

एवढी मोठमोठी माणसं, पण शेजारच्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"आई, तू बस ना माझ्याजवळ. तू जड आहेस."

गर्दी खो खो हसली. आई बसली. झाकण गार होतं. आणि चिकटून बसलेल्या त्या एवढ्याशा देहाची थरथर तिला आत्ता पहिल्यांदा कळली. बातमी दाराबाहेर ठेवायच्या नादात भीती घरात केव्हाची येऊन बसली होती.

"आपण दोघी मिळून उघडून बघू या?" तिनं हळूच विचारलं. "माझा हात घट्ट धर."

बऱ्याच वेळानं भिंगरी उठली. प्लंबरनं पहार घातली. झाकण करकरलं, तसं लेकीनं आईच्या पोटात तोंड खुपसलं. प्लंबरनं आत हुक घालून काहीतरी काळं, निथळतं वर काढलं.

"संडासातून सरकत सरकत इथवर आलीय बघा!"

"माझी टोपी!" सासरे ओरडले.

भिंगरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि अशी हसली, अशी हसली, की तिला उचकीच लागली. उचकी थांबल्यावर तिनं वर बघून विचारलं, "तिकडच्या खड्ड्यांतही टोप्याच असतील ना, आई?"

प्लंबर उगाच पहार पुसू लागला. काकूंना छताचा विसर पडला.

"असतील," आई म्हणाली. आणि लेकीच्या दप्तराचा पट्टा उगाच सारखा करू लागली.

आईवर पूर्ण विश्वास टाकून भिंगरी उड्या मारत शाळेत गेली.

तेव्हापासून लेकीला सोडून परतताना आई फाटकापाशी थबकते. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेते आणि चांगला भार देऊन थोडा वेळ झाकणावर उभी राहते. बाळंतपणात चढलेलं वजन काही केल्या उतरलं नाही. चला, कुठंतरी कामाला आलं!

काल मात्र पंचाईत झाली. झाकणावर आधीच खालच्या काकू उभ्या होत्या.

"भाजीवाल्याची वाट बघतेय," त्या घाईघाईनं म्हणाल्या. आणि जराशा सरकल्या.