गडदेभाऊंचे टँकर

आमच्या गडदेभाऊंचे टँकर पंक्चर व्हायचे. टँकर खरे नव्हते, तरीही व्हायचे.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमची छोटी कंपनी पाण्याच्या खेपांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. प्रोग्रामचा एकेक भाग तपासायला दर वेळी खरा टँकर कुठून आणणार? म्हणून कोडमध्येच त्याचं सोंग उभं करायचं. त्याला मॉक म्हणतात. प्रोग्राम विचारतो, ‘पोचलास का?’ मॉक म्हणतो, ‘पोचलो.’ चाचणी पास, पडद्यावर हिरवी ओळ, आपण चहाला मोकळे.

माझी सोंगं अशीच सभ्य होती. भाऊंची नव्हती. त्यांचा एक ड्रायव्हर सिल्लोडला मेव्हण्याच्या साखरपुड्यात अडकलेला असे. एक टँकर गावाच्या नावाने निघे आणि बायपासवरच्या नव्या टॉवरच्या पोहण्याच्या तलावात रिकामा होई. फाइलींची नावंही तशीच, ‘साहेबांचा_पाहुणा’, ‘नळी_घरी_विसरला’. चाळिशीचा, मेंढपाळांच्या घरातला हा माणूस स्वतःच लिहिलेल्या ड्रायव्हरला भर ऑफिसात शिव्या घालायचा. भाऊ मला म्हणायचे, "सोंग घ्यायचं तर बेरकी घ्या. गरीब गाय काय कामाची?"

मॅनेजर वैतागले होते. सरकारी साहेब लोक प्रोग्राम बघायला येणार आणि पडद्यावर नापास चाचण्यांच्या लाल ओळी! टँकर खोटं कशाला बोलेल, असं त्यांनी विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या सोसायटीत तो रोज येतो. म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

मला आजही संताप येतो तो याचाच. या शहरात फ्लॅटच्या जाहिरातीत कारंजी छापतात. आणि घाटापलीकडच्या गावाची तहान कुठं संपते? आमच्या पडद्यावर. एक ओळ हिरवी झाली की कागदोपत्री ते गाव पाणी प्यायलं. घागरी कोरड्या असल्या तर तो घागरींचा दोष! असलं खोटं शिकलेली माणसं एसीत बसून लिहितात, आणि त्यांत मीही होतो.

एक चाचणी मात्र मलाही पटेना. तिच्यात ड्रायव्हर ‘पोचलो’ म्हणायचा, गावातली बाई ‘पाणी मिळालं’ असं बटण दाबायची आणि टाकी रिकामीच असायची. भाऊंच्या हिशोबाने खेप अपूर्ण धरायला हवी होती, प्रोग्राम ती पूर्ण धरायचा, म्हणून चाचणी नापास. मॅनेजर म्हणाले, घेणारी स्वतः मिळालं म्हणते, आणखी काय पाहिजे? काढून टाका. भाऊंनी साफ नकार दिला. मग ते काम माझ्याकडं आलं.

काढण्याआधी मी भाऊंशी भांडलो. ड्रायव्हर लबाड असेल, पण जिला पाणी मिळालं नाही ती बाई बोंब मारेल, मिळालं कशाला म्हणेल?

भाऊंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग सांगू लागले. त्यांची आई खुलताबादच्या पुढं एका वस्तीवर एकटीच राहायची. ते इथून रोज फोन करून पाणी आलं का विचारायचे. ती रोज सांगायची, आलं रे बाबा, भरून ठेवलं. एका रविवारी न सांगता ते घरी गेले. पिंप तळापर्यंत वाळलेलं. शेजारणीने दिलेल्या एका कळशीवर म्हातारी दोन दिवस काढत होती.

"मला म्हणली, तू तिकडं कामात, उगा जिवाला घोर कशाला." भाऊंनी चष्मा पुसला. "लई महिने मी तिचं ‘आलं’ ऐकून निवांत जेवत होतो."

मी कीबोर्डवरचा हात काढला. चाचणी तशीच राहू दिली, लाल. उद्या साहेबांनी बघितली तर बघू देत, मॅनेजरला काय सांगायचं ते मी सांगेन. थोड्या वेळाने मी विचारलं, मग प्रोग्रामने खात्री करायची तरी कशी?

"म्हातारीला विचारू नका," भाऊ म्हणाले. "टाकीत काठी घालून बघा."