इंदुमतीबाईंनी रक्षणपट्टी सोडविली त्याची बखर

श्रीगजाननास दंडवत, शारदेस दंडवत, आणि ज्याच्यावाचून हल्ली घरातले पानही हलत नाही त्या विजेच्या तारेसही दंडवत. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, शुक्ल पक्ष, ते समयी यंत्रविक्यांच्या थोर दौलतीशी इंदुमतीबाई सबनीस यांचा जो तंटा जाहला, त्याचे वर्तमान साद्यंत लिहावे ऐसे चार थोरांनी सांगितले, म्हणोन जैसे ऐकिले तैसे लिहितो. लेखक बाईंच्या पक्षाचा आहे, हे आधीच सांगून ठेवितो, मागाहून बोल नको.

प्रथम दौलतीचे वर्णन. शहरोशहरी काचेचे वाडे, बाहेर वैशाख तापला तरी आत माघाची थंडी, भिंतीस लॅपटॉप, टीव्ही, मोबाइल ओळीने मांडिलेले, दारी गणवेशातला शिपाई, आणि आत पाऊल टाकणारास "या सर, बसा सर" म्हणोन पाणी पुढे करीत, आणि पैसे हाती पडले की मग तेच लोक ऐसे पाहत की जणू आपण वाट चुकून आलो. या दौलतीने रक्षणपट्टी म्हणोन एक कर बसविला होता. लॅपटॉप बिघडला तर फुकट नीट करून देऊ, त्याबद्दल सालोसाल दोन हजार चारशे रुपये तुमच्या बँकेच्या खात्यातून आपोआप कापून घेऊ, ऐसा करार. आणि आपोआप या शब्दाचे मर्म असे की घेताना कोणास विचारणे नाही आणि थांबवावयास कोण ते ठाऊक नाही.

इंदुमतीबाईंचे यजमान भालचंद्रराव, पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त जाहले होते, स्वभावे सरळ, बोलण्यात तिरकस. त्यांनी या दौलतीकडून लॅपटॉप खरेदी केला आणि रक्षणपट्टीही मान्य केली. पुढे लॅपटॉप म्हातारा जाहला, एक अक्षर उमटेतो चहा होऊन जाई, मग रावांनी तो त्याच दुकानी परत दिला आणि बदल्यात मोबाइल आणिला. त्यानंतर थोडक्याच दिवसांत रावांस देवाज्ञा जाहली. छातीत कळ आली आणि इस्पितळाचे दार दिसेतो सर्व आटोपले. बाई एकट्या राहिल्या, पेन्शन निम्मे जाहले, आणि मग कितीएक दिवसांनी दोघांच्या सामाईक खात्याचे पासबुक भरून आणिले तेव्हा पाहतात तो रक्षणपट्टी दोन साले कापिली गेली आहे. लॅपटॉप दौलतीच्याच कोठारात, आणि त्याच्या रक्षणाचा खर्च बाईंच्या पेन्शनीतून. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचिले, आणि पदर खोचिला.

बँकेत गेल्या, तो बँकवाले बोलिले की रावांनी दौलतीस परवानगी दिली आहे, ती दौलतीनेच मागे घ्यावी. मग बाई दुकानी गेल्या. तेथील व्यवस्थापक म्हणजे त्या सुभ्याचा सुभेदार, गळ्यात ओळखपत्र, हाती टॅब, तो आदरे बोलिला, "काकू, तुमचं अगदी बरोबर आहे. पण हे आमच्या हातात नाही, सगळं हेड ऑफिसवरून होतं. हा नंबर घ्या." बाई म्हणाल्या, "लॅपटॉप तुम्हीच परत घेतलात, पावती माझ्याकडे आहे." सुभेदार बोलिला, "हो ना काकू. पण पट्टी वेगळी, लॅपटॉप वेगळा." याजवर उत्तर कोणाही शहाण्यास सुचणारे नव्हे, म्हणोन बाईंनी नंबर घेतला.

मग घरी येऊन नंबर लाविला. आधी एक यांत्रिक बाई बोलिली, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. बाईंनी सर्व दाबिले. मग नौबत वाजू लागली, तीच ती धून पुनःपुन्हा, आणि तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे ऐसे मधून मधून आश्वासन. शेवटी एक माणूस बोलिला की खातेदाराशीच बोलू. बाई म्हणाल्या, खातेदार वारले. त्याने दुःख व्यक्त केले आणि म्हणाला, मग मृत्यूचा दाखला पाठवा, मात्र नियम ऐसा की तो खातेदाराच्या स्वतःच्या ईमेलवरून आला पाहिजे. लेखक येथे थोडा थांबतो. कितीएक राज्यांचे कितीएक हुकूम वाचिले, परंतु मेलेल्याने आपल्या मरणाचा दाखला आपल्या हाते धाडावा ऐसा हुकूम दुसरा पाहिला नाही. बाईंनी फोन ठेविला आणि त्या दिवशी स्वयंपाकही केला नाही, दूधपोहे खाऊन निजल्या. पैशाचे दुःख होतेच, परंतु त्याहून मोठे हे की रावांस जाऊन इतके दिवस जाहले, आणि या दौलतीच्या दप्तरी ते अजून जिवंत, अजून पट्टी भरणारे, आणि ते गेले हे सांगावयास गेल्या तर बाईंचे कोणी ऐकेना. पत्नीचा शब्द पुरत नाही, ऐसे कोणी तोंडावर म्हटले नव्हते, परंतु जो तो म्हणे त्याचा अर्थ तोच निघे.

दुसरे दिवशी सकाळी पुन्हा फोन लाविला. या खेपेस दौलतीकडून मनीषा ढवळे नामे वकील, म्हणजे ग्राहकसेवेतल्या बाई, बोलण्यास आल्या, आवाज चाळिशीचा, थोडा बसलेला. त्यांनी सर्व हकिकत मध्ये न तोडता ऐकिली, जे या मोहिमेत प्रथमच घडले. मग बोलिल्या, "मॅडम, एक मार्ग आहे. खातं उघडताना सरांनी एक गुप्त प्रश्न निवडलेला असतो आणि त्याचं उत्तर ठरवलेलं असतं. घरच्या माणसानं ते उत्तर बरोबर दिलं तर मला खातं उघडता येतं. मग पट्टी बंद करते, पैसेही परत करते. पण तीनच संधी आहेत. तिन्ही चुकल्या तर खात्याला कुलूप लागतं, मग कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल." म्हणजे गडाच्या दाराशी पहारेकरी परवलीचा शब्द विचारी, तोच हा प्रकार, शब्द आला तर दार उघडे, न आला तर रात्र बाहेर. बाई म्हणाल्या, "विचारा." ढवळेबाई बोलिल्या, "प्रश्न आहे, तुमचं आवडतं गाव कोणतं?"

बाईंस हायसे वाटले. राव पिंपळदऱ्याचे, तेथील चिंचा, तेथील मारुती, तेथील शाळेचे मास्तर, हे ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. म्हणाल्या, "पिंपळदरा." ढवळेबाईंनी कळा दाबिल्या आणि हळू बोलिल्या, "नाही मॅडम." मग बाईंनी आठविले की रावांची उमेदीची वर्षे कुंभारघाटच्या धरणावर गेली, तेथील वसाहत, तेथील पहाट, धरणाचे दरवाजे प्रथम उघडले तो दिवस, हे सर्व राव पाहुण्यांस सांगत आणि सांगताना उठून उभे राहत. म्हणाल्या, "कुंभारघाट." पलीकडून उत्तर आले, "हेही नाही, मॅडम. आता एकच संधी आहे. घाई करू नका, मी थांबते."

तेव्हा बाईंचा धीर सुटला. येथे सांगणे प्राप्त आहे की बाईंचे माहेर चिंचखार, खाडीकाठचे लहानसे गाव, एसटीतून उतरून पुढे तरीतून, म्हणजे होडीतून, जावे लागे. आणि राव लग्नाच्या पहिल्या सालापासून त्या गावास नावे ठेवीत. म्हणत, तुझ्या चिंचखारला देवानं पाणी दिलं, पण मीठ घालून दिलं. म्हणत, तिथं जावयाची वाट सासरे बघत नाहीत, डास बघतात. चारचौघांत म्हणत, लोक हसत, बाईही हसत, आणि आतून त्यांस लागे. पुढे वडील गेले, मग आई गेली, भाऊ यशवंत तेवढा राहिला, आणि बाईंनी माहेरी जाणेच कमी केले, नको ते बोलणे ऐकणे म्हणोन. हे त्यांनी रावांस कधी सांगितले नाही आणि रावांनी कधी कारण विचारिले नाही. दोघे एकमेकांचे पथ्यपाणी सांभाळीत, औषधे वेळेवर देत, परंतु ही एक गाठ मध्ये तशीच राहिली.

तर बाई फोनात बोलिल्या, आणि बोलणे ढवळेबाईंशी नव्हते, "अहो, सगळा जन्म गेला या माणसाबरोबर. काय आवडत नाही ते रोज सांगायचे. आवडतं काय, ते एकदा तरी सांगायचं? माझ्या चिंचखारला तर कायम नावं ठेवली. पाणी खारट, रस्ता वाईट, माणसं मोठ्यानं बोलतात. आणि आता मी इथं बसून त्यांचं आवडतं गाव ओळखायचं." मग ढवळेबाई बोलिल्या, आणि बोलताना मॅडम हा शब्द गळून पडला, "मावशी, आत्ता कोणतं गाव म्हणालात?"

"चिंचखार. माझं माहेर आहे ते."

"हेच तुमचं उत्तर समजू का?"

"छे, छे. ते नका घेऊ. शेवटची संधी आहे, फुकट जाईल."

ढवळेबाईंसमोर पडद्यावर उत्तर उघडे होते, आरंभापासून होते, परंतु ते सांगावयाची बंदी, आणि प्रत्येक शब्दाचे ध्वनिमुद्रण होई. सांगितले असते तर चाकरी जाती. मग त्या एकेक शब्द सुटा करून बोलिल्या, "मावशी, मी परत विचारते. चिंचखार, हेच तुमचं उत्तर समजू का?"

बाई कुंभारघाटच्या वसाहतीत साहेबांच्या बायकांमध्ये वावरलेल्या, न बोललेले ऐकू येण्याची त्यांस सवय होती. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. म्हणाल्या, "समजा." कळा वाजल्या, आणि दार उघडले. ढवळेबाई पट्टी बंद केल्याचे, दोन्ही सालांचे पैसे परत धाडल्याचे, आठवड्यात खात्यात येतील म्हणोन सर्व सांगू लागल्या, आणि बाईंच्या कानी त्यातले काही शिरले नाही. त्या म्हणाल्या, "दुकानातल्या माणसानं टाकलं असेल ते. माझी माहिती घेताना कुठंतरी माहेर विचारलं असेल." ढवळेबाई बोलिल्या, "नाही मावशी. हे उत्तर दुकानातून टाकताच येत नाही. सरांच्या मोबाइलवर लिंक जाते, त्यांनी घरी बसून स्वतः लिहायचं असतं. आणि चूक होऊ नये म्हणून दोनदा लिहावं लागतं. दोन्ही वेळा सारखं आलं तरच पुढे जातं."

"दोनदा?"

"हो मावशी. दोनदा."

मग बाई रडल्या. मोठ्याने नव्हे, पदर तोंडाशी धरून, परंतु बराच वेळ, आणि रडता रडता एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानी येत गेली, की दर मे महिन्यात चिंचखारच्या एसटीचे आरक्षण राव स्वतः करून आणीत आणि आणताना कुरकुरत, की तेथे गेल्यावर बाईंच्या वडिलांशेजारी धक्क्यावर गळ टाकून बसत आणि जेवावयास दोन हाका मारिल्याखेरीज उठत नसत, की बाई जाईनाशा जाहल्या तेव्हा एकदा त्यांनी विचारिले होते, "यंदा तुझ्या त्या डासांकडे जायचं नाही का?" आणि बाई रागाने नाही म्हणाल्या होत्या, आणि राव उठून गॅलरीत गेले होते. पलीकडे दौलतीचा कायदा ऐसा की फोन लांबला की पडद्यावर तांबडा दिवा लागे आणि चाकरमान्यास जाब द्यावा लागे. दिवा लागला. ढवळेबाईंनी फोन ठेविला नाही, काही बोलिल्याही नाहीत, नुसत्या तिकडे बसून राहिल्या. या एका गोष्टीसाठी लेखक त्या दौलतीस पुष्कळ माफ करितो.

फोन झाल्यावर बाईंनी चूळ भरली, रावांच्या तसबिरीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगायला काय झालं होतं? त्या कंपनीला सांगितलंत, आणि मला नाही." तसबीर जुन्या सवयीप्रमाणे गप्प राहिली. मग बाईंनी यशवंतास फोन करून सांगितले की पौषात येते, महिनाभर राहीन.

येणेप्रमाणे रक्षणपट्टीची मोहीम संपली. रुपये चार हजार आठशे आठवड्यात परत आले आणि विजेच्या बिलात व गॅसच्या सिलिंडरात गेले, त्यांची वार्ता येथेच पुरी. जय कोणाचा, ऐसे कोणी पुसेल तर लेखकास नीट सांगता येत नाही. दौलतीने पैसे सोडिले आणि बाईंनी रावांवरचा राग सोडिला, आणि तो त्यांनी इतकी वर्षे सांभाळिला होता की सोडल्यावर कितीएक दिवस त्यांस घर मोठे वाटत राहिले.