लासरीना नावाचे जतन

जुना वारसा सर्वांचा असतो. म्हणूनच तो शेजाऱ्याने सांभाळावा, अशी सर्वांची इच्छा असते.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आमच्या कॉनेमारात मुलींची नावे ठेवणे सोपे होते. पहिलीला आईच्या आईचे नाव, दुसरीला बापाच्या आईचे. आज्या सगळ्या मेरी नाहीतर ब्रिजिड, म्हणून नातीही तशाच. रस्त्यात "मेरी!" अशी हाक मारली की अर्ध्या बायका थांबत. (उरलेल्या ब्रिजिड असल्यामुळे पुढे जात.)

अपवाद एकच, लासरीना फ्लॅहर्टी. नावाचा अर्थ वाइनची ज्योत. कित्येक शतकांपूर्वी इकडच्या सरदारांच्या लेकींना हे नाव असे. आमच्या लासरीनाने वाइन कधी चाखली नव्हती. दारू न पिण्याच्या शपथेचा बिल्ला ती झोपतानाही काढत नसे. तिला मूलबाळ नव्हते. नव्वदी ओलांडल्यावर ती म्हणे, "या नावानं एका पोरीला हाक मारलेली ऐकली, की मी जायला मोकळी."

गावाने ताबडतोब नाव-जतन समिती नेमली. अध्यक्ष मॅलकी मास्तर. पहिल्या सभेला तुडुंब गर्दी होती. नाव जगावे या ठरावाला सर्वांनी हात वर केले. बाळ कोण देणार, असे फादरांनी विचारताच चहा आला.

"इतकं गोड नाव!" समितीतली नोला म्हणाली.

"मग सुनेला सांग की. तिचे दिवस भरत आलेत," लासरीना म्हणाली.

"अहो मावशी, उद्या पोरगी बॉस्टनला गेली तर तिथं कोणाला म्हणता येणार आहे?"

(पोरगी अजून जन्मली नव्हती, पण बॉस्टनला पोचली होती.)

तरीही कामाची प्रगती समाधानकारक होती. वर्षभरात लासरीना हे नाव एका होडीला, नाचाच्या हॉलला आणि मॅलकी मास्तरांच्या कालवडीला देण्यात आले. कालवडीला जत्रेत पहिले बक्षीसही मिळाले.

मग लासरीनाच्या भाचीची मुलगी फिडेल्मा बाळंत झाली. मुलगीच झाली. बाप्तिस्म्याला म्हातारी नवी टोपी घालून पहिल्या बाकावर बसली. फादरांनी नाव विचारले.

"शार्लीन," फिडेल्मा म्हणाली. टीव्हीवरच्या मालिकेत तशी एक होती.

बाहेर आल्यावर फिडेल्माने समजूत घातली, "आजी, मधलं नाव लासरीनाच आहे हं."

"मधल्या नावानं हाक कधी मारायची गं?"

"मारायची नसते, आजी. ते नुसतं असतं."

म्हातारीने नवी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाली, "मला मॅलकीच्या कुरणापाशी सोडा."

तिथे दगडी कुंपणाला टेकून तिने स्वतःच्या नावाने हाक मारली. कालवडीने मान वर केली आणि ती चालत आली. "हुशार आहे बाई," लासरीना म्हणाली. त्याच हिवाळ्यात ती गेली. तिच्यामागे त्या नावाने हाक मारावी अशी माणसे शून्य.

समिती अजून चालू आहे आणि सभासदांची काही कमतरता नाही. नाव तुम्हालाही आवडले असेलच, तुम्हीही यावे. घरी बाळ येणार आहे का, असे आम्ही आता कोणालाच विचारत नाही. चांगल्या माणसांची अडचण होते.